लाव्हर्न कॉफी टेबल: प्रकल्प नोंदी, मार्च ते जून २०२५

८ मार्च

नॉर्थ जर्सीत (न्यू जर्सीच्या उत्तर भागात) एका घराचा इस्टेट सेल आहे, म्हणजे घरातलं सगळं सामान विक्रीला, यादीत नुसतं "जुनं चायनीज पितळी टेबल" असं लिहिलंय आणि फोटोत अर्धं टेबल लॅम्पच्या वायरींखाली गेलंय. पण जे अर्धं दिसतंय त्यात करड्या पत्र्यातून तपकिरी ब्राँझ डोकावतंय, माणसांच्या झग्यांवर फिकट निळा-हिरवा रंग आहे, आणि पार्श्वभूमी अशी चरे-खड्डे पडलेली की जणू विहिरीतून काढलंय. हे पितळ नाही. माझ्या मते हे फिलिप आणि केल्विन लाव्हर्नचं काम आहे, उद्या सकाळी जाऊन बघणार.

पार्श्वभूमी लिहून ठेवते कारण घरात परत परत तेच विचारतात. हे दोघं बाप-लेक, न्यूयॉर्कचे, ईस्ट ५७व्या स्ट्रीटवर त्यांची गॅलरी होती, १९५० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे ७० च्या दशकापर्यंतचं काम मुख्यतः बाजारात फिरतं. त्या काळात बाकी सगळे अक्रोडाचं लाकूड, बारीक पाय, काच, फायबरग्लास असल्या भानगडीत, आणि हे दोघं मात्र चिनी दरबार, ग्रीक देव, एट्रुस्कन आकृत्या, फ्रेंच चित्रकार बुशेच्या चित्रांतल्या बायका असलं सगळं धातूच्या टेबलावर अ‍ॅसिडने कोरत बसलेले. मिड-सेंच्युरी मॉडर्न (विसाव्या शतकाच्या मध्याची साधी, आधुनिक शैली) हे लेबल त्यांना फक्त सालामुळे आणि टेबलांच्या सुटसुटीत आकारांमुळे चिकटलंय, मला तरी ते कधी पटलं नाही.

अजून एक, विकणारे हमखास घोळ घालतात तो म्हणजे अर्विन आणि एस्टेल लाव्हर्न हे वेगळे, ते नवरा-बायको, आरपार दिसणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या खुर्च्या केल्या त्यांनी १९५७ च्या सुमारास. "लाव्हर्न" शोधलं की दोन्ही एकत्र येतात आणि मग खुर्चीवाल्यांची माहिती टेबलाखाली छापलेली असते.

९ मार्च

बघितलं, घेतलं, घरी आणलं. किंमत इथे लिहीत नाही, ही वही नवराही वाचतो.

पण बघताना काय काय तपासलं ते सविस्तर लिहिते, कारण माझं मत आता पक्कं झालंय की असल्या टेबलांत आधी वरचं चित्र बघायचंच नाही, आधी खाली वाकायचं. मोबाईलचा टॉर्च घेऊन सरळ जमिनीवर आडवी झाले, सेलवाली बाई बघतच राहिली. ही टेबलं म्हणजे आतून लाकूड आणि वरून ब्राँझ-प्यूटरचा (प्यूटर म्हणजे कथिलाचा करडा मिश्रधातू) पत्रा चढवलेला, त्यामुळे खालून लाकूड काय सांगतं ते महत्त्वाचं. लाकूड सगळीकडे सारखंच काळवंडलेलं, कुठे पाण्याचा डाग नाही, नवीन गोंदाचे ओघळ नाहीत, चकचकीत नवे स्क्रू नाहीत. एका पायाजवळ मात्र चिरेसारखं काहीतरी आहे, फोटो काढून ठेवलाय.

मग लोहचुंबक. छोटं, फ्रिजवरचं नाही, चांगलं ताकदीचं. ब्राँझ, पितळ, प्यूटर कशालाच चुंबक चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वरून मुलामा. इथे कुठेच चिकटलं नाही. यावरून ब्राँझ की पितळ हे अर्थातच कळत नाही, नुसता लोखंडाचा माल बाजूला काढायला उपयोग, पण तेवढ्यानेही बरंच काम होतं.

मग बोटाच्या पेराने टकटक. सगळा पृष्ठभाग, चौकटी पाडल्यासारखा एकेक भाग. जिथे पत्रा लाकडाला घट्ट आहे तिथे आवाज भरीव, जिथे सुटलाय तिथे बद्द. मधला भाग छान, फक्त डाव्या काठाला तळहाताएवढा पट्टा बद्द वाजतोय आणि तिथे पत्र्याची कड पापुद्र्यासारखी वर आलीये.

सही अगदी शेवटी शोधली. ती आहे, वरच्याच पृष्ठभागावर, चित्राच्या कडेला, कोरलेली. बरं वाटलं, नाही म्हणणार नाही. पण नसती तरी घेतलं असतं, कारण पृष्ठभागावर कोणी हात फिरवलेला नाहीये, म्हणजे पॉलिशचा हात. खोलगट भागातली काळपट माती तशीच, रंग तसेच, उंचवट्यांवरचं ब्राँझ मंद तपकिरी. चकाकणारा एकही कोपरा नाही.

उचलताना चौघं लागले आणि त्यातले दोघं नुसते सूचना देत होते.

१५ मार्च

टेबल सध्या गॅरेजमध्ये, जुन्या गोधडीवर. आज फक्त फोटो आणि मोजमाप. दिवे बंद करून टॉर्च पृष्ठभागाला समांतर धरला की सगळं वेगळंच दिसतं, एचिंगची, म्हणजे धातू खाऊन पडलेल्या कोरीवकामाची, खोली कळते. अ‍ॅसिडने खाल्लेली कड कधीच सरळ नसते, ती किंचित आतून कुरतडल्यासारखी असते, एका रेषेतही खोली कमी-जास्त. साच्यातून दाबून काढलेल्या पत्र्यात असं होत नाही, तिथे सगळे उंचवटे गोलसर आणि एकसारखे, शिवाय मागून तोच आकार उलटा उमटलेला असतो. नकली टेबलं ओळखायची मला हीच सगळ्यात सोपी खूण वाटते.

आता पद्धत, जेवढी माहितीये तेवढी. एचिंगचं तत्त्व तेच जे छापाच्या प्लेटचं: धातूवर अ‍ॅसिड न खाणारा लेप द्यायचा, चित्र त्यात उघडं करायचं, उघडं पडलेलं अ‍ॅसिड खातं. लाव्हर्नच्या कामात ब्राँझच्या जोडीला प्यूटर असतं, म्हणजे मुख्यतः कथील, करडं, मऊ, त्यामुळे दोन धातूंचे दोन रंग आयतेच मिळतात. त्यावर हाताने रंग भरलेले. आणि यांची खरी गंमत पुढेच आहे, पत्रे माती आणि रसायनांच्या मिश्रणात पुरून ठेवायचे, साधारण ६ आठवडे. त्या पुरण्यातून जो पॅटिना, म्हणजे धातूवरचा जुनाट रंगाचा थर, येतो तो ब्रशने लावता येत नाही. माती सगळीकडे सारखी लागत नाही, ओल सारखी राहत नाही, म्हणून एकच डिझाइन असलेली दोन टेबलं शेजारी ठेवली तरी कातडी वेगळी.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा बिदरी आठवली. माझ्या आजोळी बिदरीचा एक हुक्क्याचा बुडखा होता, सोलापूरला, बिदर तिथून काही फार लांब नाही. जस्तात थोडं तांबं घालून ओततात, त्यात चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर कालवून चोळतात की जस्त काळंभोर होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. तिथेही माती हाच शेवटचा कारागीर. धातू वेगळे, रसायन वेगळं, लाव्हर्न मंडळींनी बिदरी बघितली होती असं अजिबात म्हणत नाहीये, पण आमच्या आईला हे टेबल समजावताना मला ईस्ट ५७व्या स्ट्रीटचा काहीच उपयोग झाला नाही, बिदरचा झाला.

२२ मार्च

हिरवे ठिपके. उजव्या कोपऱ्यात, झाडाच्या बुंध्याजवळ, मोहरीएवढे. आता हिरवं म्हणजे वाईटच असं नाही, या टेबलावर मुद्दाम आणलेला हिरवा भरपूर आहे. प्रश्न हा की हा हिरवा शांत बसलेला आहे की अजून खातोय.

शांत हिरवा कडक असतो, पृष्ठभागाला चिकटून, गडद. खाणारा हिरवा फिकट आणि भुसभुशीत, लाकडी टूथपिकने हलकं टोचलं की पावडर निघते. त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. धातूत क्लोराइड अडकलेलं असतं, हवेतला दमटपणा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं, ते पुढचं तांबं खातं, त्यातून परत क्लोराइड, परत तेच. एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही, कोरड्या हवेतच ते गप्प बसतं. पुरून आणलेल्या पॅटिनाच्या वस्तूवर मी हा संशय नेहमी घेते.

माझ्या ठिपक्यांपैकी बहुतेक कडक निघाले. एक मात्र पावडरवाला. बाहेर आलेली पावडर टिपून घेतली, ठिपक्याभोवती कागदाची चौकट चिकटवली, स्केल ठेवून फोटो काढला आणि गॅरेजमधून टेबल आत स्टडीत हलवलं जिथे हवा कोरडी करणारा डिह्युमिडिफायर आहे. मीटर हवेतली ओल ४० टक्क्यांच्या खाली दाखवतोय. आता काहीही लावायचं नाही, बघत राहायचं.

(नवऱ्याचा प्रश्न, की स्टडीत मी कुठे बसू. रास्त आहे.)

५ एप्रिल

ठिपका वाढला नाही, नवी पावडर नाही. तरी चौकट तशीच ठेवणार.

आज लॅम्बर्टव्हिलला गेले होते. तिथे रागोचं ऑक्शन हाऊस आहे, प्रिव्ह्यूच्या, म्हणजे लिलावाआधी बघायच्या, दिवशी वस्तू हाताळायला मिळतात, आणि गाव तसंही जुन्या वस्तूंच्या दुकानांनी भरलेलं. मुद्दाम एचिंगवाली टेबलंच शोधली, तुलना करायला.

मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या मास्टरक्राफ्ट या फर्निचर कंपनीचं, बर्नहार्ड रोनच्या डिझाइनचं एक कॅबिनेट बघितलं. अ‍ॅसिडने एच केलेलं पितळ, अमूर्त नक्षी, ७० च्या दशकातलं. सुबक आहे, फॅक्टरीचा दर्जा आहे, सांधे एकदम नीट, पण दोन दारांवरची कातडी सारखीच शांत. मला आवडतं ते, पण बैठकीत ठेवून रोज बघावं असं नाही वाटत. बेल्जियमची त्याच काळातली पितळी टेबलं म्हणजे अजून तिसरं, एच केलेल्या पत्र्यात मधोमध अकीकाची चकती बसवलेली, चमकदार, पार्टीत मिरवणारी. सध्या इन्स्टावर त्यांची चलती आहे आणि दुकानदार भावही तसाच सांगतात.

एके ठिकाणी अमेरिकन फर्निचर डिझायनर पॉल इव्हान्सचं "स्कल्प्टेड ब्राँझ" होतं. इथे सावध, ते ओतलेलं ब्राँझ नव्हे, इपॉक्सी रेझिनमध्ये ब्राँझची पूड मिसळून वरून थर दिलेला आणि हाताने आकार काढलेला. वस्तू अस्सल, नाव अस्सल, किंमत तर विचारूच नका, पण नुसतं ब्राँझ शब्द वाचून धातू समजून घेणारे लोक मी प्रत्यक्ष बघितलेत.

आणि हो, ऑक्शनला जाणाऱ्यांनी हातोडीची किंमत (ज्या बोलीवर हातोडी पडते ती) ही पूर्ण किंमत समजू नये. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे ऑक्शन हाऊस घेणाऱ्याकडून घेतं ते कमिशन, बहुतेक ठिकाणी पाव हिश्श्याच्या आसपास, मग सेल्स टॅक्स, मग एवढं जड धूड घरी आणणाऱ्याचे पैसे. इस्टेट सेलला मी धावते ते उगाच नाही.

१९ एप्रिल

सफाई. आई सध्या इथेच आहे, सहा महिन्यांच्या मुक्कामाला, आणि सकाळपासून तिचं एकच चाललंय की एवढं काय ते इअरबडने पुसत बसलीयेस, चिंच लाव, नाहीतर माझ्या बॅगेत पितांबरी आहे, दहा मिनिटात लख्ख करून देते. आणि देईल ती खरंच! घरचे तांब्या-पितळेचे हंडे तिने आयुष्यभर तसेच लख्ख ठेवले, कारण न कल्हईच्या भांड्यात ताक-आमटी कळकते, तिथे घासणं हे शहाणपणाचं. मी तिला म्हटलं आई, या टेबलावर जे काळं आणि हिरवं आहे ना तेच विकत घेतलंय, खालचं ब्राँझ तर भंगारवालाही देईल. तिला पटलं नाही पण पितांबरी बॅगेत परत गेली.

तर चिंच, लिंबू, व्हिनेगर, केचप हे सगळं अ‍ॅसिड, पॅटिना सरळ विरघळवतं. काच पुसायच्या स्प्रेमध्ये बऱ्याचदा अमोनिया असतो, तो तांब्याच्या मिश्रधातूंना खातो. अ‍ॅसिटोन तर जवळही नको, हाताने भरलेले रंग आणि वरचा जुना पारदर्शक लेप (लॅकर) दोन्ही जातील. ब्रासो वगैरे म्हणजे सॅंडपेपरचाच पातळ भाऊ, त्यात घर्षणाची पूड असते आणि वरून ती खड्ड्यांत पांढरी होऊन बसते, ती निघता निघत नाही.

मी काय केलं: आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ, ब्रशच्या धातूच्या पट्टीला टेप गुंडाळून म्हणजे ओरखडा नको, व्हॅक्यूमचं तोंड शेजारी धरून. मग डिस्टिल्ड पाण्यात सौम्य डिटर्जंटचा एखादा थेंब, इअरबड फक्त ओलसर, एकावेळी पोस्टाच्या तिकिटाएवढा भाग, लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याचा दुसरा इअरबड, लगेच कोरडा. नळाचं पाणी मुद्दाम नाही, त्यात क्लोरीन आणि क्षार, आणि क्लोराइडची भीती वर लिहिलीच आहे. रंग असलेल्या जागी आधी एका कोपऱ्यात करून इअरबडवर रंग येतोय का ते बघितलं. निळा पक्का आहे. एका झग्यावरचा लाल किंचित उतरला तर तिथे पाणी बंद, फक्त कोरडा ब्रश.

निघालं काय, तर वर्षानुवर्षांचं फर्निचर पॉलिश आणि सिगारेटचा पिवळा थर. इअरबड चहाच्या रंगाचे झाले. खालून प्यूटरचा करडा जो उजळला तो बघून आईसुद्धा खुर्ची ओढून बसली आणि मग माणसं मोजायला लागली, हा राजा, ही राणी, हा छत्रीवाला. ते राजा-राणी आहेत की नाहीत देव जाणे, पण टेबलासमोर इतका वेळ ती याआधी बसली नव्हती.

३ मे

डाव्या काठाच्या सुटलेल्या पत्र्यासाठी फिलाडेल्फियाकडच्या एका कॉन्झर्वेटरकडे, म्हणजे जुन्या वस्तू जपून दुरुस्त करणाऱ्याकडे, दाखवून आले. कारण सरळ आहे, लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं आणि हिवाळ्यात हीटिंग लागलं की आकसतं, धातू तसा हलत नाही, मग ओढाताण होते ती गोंदाच्या रेषेवर. फ्रान्समधल्या बूल पद्धतीच्या (लाकडावर पितळी नक्षी चिकटवलेल्या) जुन्या कपाटांवर पितळी पट्ट्या उभ्या राहतात त्यामागेही हेच. तिथे माशाच्या गोंदाने बसवतात, कारण तो पुन्हा सोडवता येतो. मला तेच आवडलं. हार्डवेअरच्या दुकानातला इपॉक्सी एकदा आत गेला की पुढच्या माणसाने काय करायचं?

पत्रा गरम करून वाकवायची कल्पना त्याने उडवून लावली. प्यूटर अगदी कमी तापमानाला वितळतं, कथीलच ते, शुद्ध कथील २३२ अंशाला पाणी होतं, आणि रंग तर त्याच्या कितीतरी आधी जळतील. तर थंड गोंद, खाली-वर फेल्ट, रुंद लाकडी पट्टी आणि हलका दाब, हळूहळू. काठाला जो छोटा तुकडा गेलाय तो भरायचा नाही असं ठरलं. भरून वर पॅटिना रंगवता येईल म्हणाला, पण सहा आठवडे मातीत राहिलेल्या पृष्ठभागाशेजारी ब्रशने काढलेला पृष्ठभाग रोज दिसणार, त्यापेक्षा तुटका काठ बरा.

१७ मे

ब्रिमफील्ड. मॅसॅच्युसेट्समधला हा बाजार वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, शेतांतून तंबू लागतात आणि चालून चालून पायाचे तुकडे पडतात. मैत्रीण बरोबर होती, तिला काचेची भांडी हवी होती, मला काही घ्यायचं नव्हतं. निदान असं घरी सांगितलं होतं.

आणि तिथे लाव्हर्नचं गोल टेबल. त्यांच्या चान नावाच्या चिनी धाटणीच्या डिझाइनचं, म्हणजे बाजारात सगळ्यात जास्त दिसणारं. सही ठळक, आकार सुंदर, पाय शाबूत, भाव माझ्या अंदाजापेक्षा बराच कमी. आणि वरचा पृष्ठभाग सोन्यासारखा झळझळीत. कोणीतरी बफिंगचं चाक फिरवलेलं. चेहरे गुळगुळीत झालेले, झग्यांच्या कडा पुसट, रंग फक्त खोल खाचांमध्ये उरलेला, प्यूटर काही ठिकाणी पार घासून खालचं ब्राँझ वर आलेलं. विकणारा खूश होता, म्हणे बघा किती छान क्लीन केलंय.

मैत्रीण म्हणाली सही आहे, स्वस्त आहे, घे की. मी नाही घेतलं. पाय तुटला तर जोडता येतो, पत्रा सुटला तर बसवता येतो, लाकूड कुजलं तरी हुशार माणूस काहीतरी करेल, पण हे घासलेलं परत कोण आणणार? ती माती, ते मिश्रण, ते हात, सगळं त्या वर्कशॉपबरोबर गेलं. घासलेलं टेबल म्हणजे नुसती सही उरली आणि मला सह्या गोळा करायच्या नाहीयेत. माझा नियम आता असा की सही नसलेलं पण न घासलेलं टेबल मी विचारात घेईन, सहीवालं घासलेलं फुकट दिलं तरच, आणि तेही अभ्यासाला.

मैत्रिणीला तिची भांडी मिळाली, परत येताना गाडीत ती भांडी माझ्या मांडीवर.

१४ जून

काठ बसला. टकटक केलं तर तिथला आवाज आता शेजारच्यासारखाच, जवळजवळ. पावडरवाला ठिपका गप्प आहे, कागदाची चौकट काढली.

आज वॅक्स. मायक्रोक्रिस्टलाइन, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं ते रेनेसाँ वॅक्स, नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घालून, कारण बोटांच्या घामातही मीठ असतं. अगदी पातळ थर, सुती कापडाने, थोडं थांबून हलक्या हाताने पुसलं. जास्त लावलं की खाचांत पांढरं साचतं म्हणून तिथे मऊ ब्रश. चकाकी नाही आली, यायला नकोच होती, रंग मात्र एक छटा गडद झाला.

टेबल बैठकीत गेलं, खिडकीपासून लांब, हीटिंगच्या जाळीपासून त्याहून लांब. जर्सीचा उन्हाळा दमट, त्यामुळे डिह्युमिडिफायरही मागोमाग बैठकीत आला, घूं-घूं करत, आणि स्टडी नवऱ्याला परत मिळाली. कोस्टर फेल्टचे. चहा चालेल, लिंबू सरबत चालणार नाही, आईने पहिल्याच दिवशी वाद घातला आणि मग स्वतःच पाहुण्यांना दम द्यायला लागली.

राहिलेलं: पायाजवळची ती चीर, मार्चच्या फोटोशी ताडून बघायची. इन्शुरन्ससाठी अप्रेझर (किंमत ठरवणारा) पुढच्या आठवड्यात येतोय, त्याला फक्त वरून फोटो काढायचे आहेत म्हणतो, मी सांगितलंय की खालची बाजू बघितल्याशिवाय आकडा लिहू नका. म्हणजे परत आडवं करायचं, परत चौघं. या वेळी सूचना देणारे नकोत.